काळा घोडा कला महोत्सव

मुंबईच्या फोर्ट भागात दरवर्षी हिवाळा सरता सरता नऊ दिवस काळा घोडा कला महोत्सव भरतो. पहिला महोत्सव १९९९ साली झाला. त्याच्या आदल्या वर्षी काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली होती. दक्षिणेला रीगल चौक, उत्तरेला मुंबई विद्यापीठ, पूर्वेला लायन गेट आणि पश्चिमेला ओव्हल मैदान या हद्दीतल्या जुन्या वास्तू जपायच्या, परिसर सुधारायचा, हे तिने अंगावर घेतलेले काम. त्यासाठी पैसा हवा होता आणि लोकांचे लक्षही. महोत्सवाने दोन्ही मिळवून दिले.

ज्या घोड्यावरून परिसराला नाव पडले, त्यावर सातव्या एडवर्डचा, म्हणजे तेव्हाच्या युवराजाचा, पुतळा होता. जोसेफ बोहेम या शिल्पकाराचे हे काम अल्बर्ट ससून यांनी १८७९ मध्ये शहराला दिले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला. नाव मात्र लोकांच्या तोंडून गेले नाही. २०१७ मध्ये श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा काळा घोडा इथे उभा राहिला. याच्या पाठीवर स्वार नाही, आणि लोकांच्या मालकीच्या रस्त्यावर तेच योग्य.

महोत्सवाचा गाभा म्हणजे के. दुभाष मार्ग, जुना रॅम्पार्ट रो. एरवी गाड्यांनी भरलेला हा रस्ता त्या दिवसांत पायी फिरणाऱ्यांचा होतो. कलाकारांनी उभारलेल्या भव्य मांडणशिल्पांपुढे फोटोसाठी झुंबड उडते. पण खरे रेंगाळावे ते हस्तकलेच्या स्टॉलवर. वारली चित्रांचेच पाहा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड होते. वर गोल डोके, काडीसारखे हातपाय. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नकार्यात काढली जाणारी ही चित्रे आता कापडावर आणि कागदावर येतात. पिशवीवरचा छापील तारपा नाच, म्हणजे तारपा या वाद्याभोवतीचा फेर, आणि हाताने काढलेला नाच यांतला फरक जवळून पाहिल्यावरच कळतो: हाताची रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते, आणि नाचणाऱ्यांतली दोन माणसे तंतोतंत सारखी नसतात. कारागीर समोर असेल तर किमतीमागची मेहनतही समजते. दलाल मधे नसलेला असा व्यवहार शहरात क्वचितच होतो.

बाकीचे कार्यक्रम आसपास विखुरलेले असतात. साहित्याच्या गप्पा १८७० च्या डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत रंगतात. नृत्य-संगीत क्रॉस मैदानात आणि एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. नाटक, चित्रपट, मुलांच्या कार्यशाळा, वारसा-फेऱ्या यांनाही जागा असते. कोविडमुळे पडलेल्या खंडानंतर २०२३ मध्ये महोत्सव पुन्हा रस्त्यावर आला.

असोसिएशनच्या पुढाकाराने बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मनोरा आणि मुळजी जेठा कारंजे यांची डागडुजी झाली. इतर महोत्सवांचे मांडव उठले की मागे काही उरत नाही. इथे दगडी काम उरते, हे त्याचे मोठे यश आहे.

महोत्सवाला प्रवेश विनामूल्य असतो. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या दोन्ही स्थानकांवरून चालत येता येते. शनिवार-रविवारी गर्दी फार होते. स्टॉल निवांत पाहायचे असतील, कारागिरांशी बोलायचे असेल, तर मधल्या वारी दुपारीच यावे.