तबकडीचा काळा बाजार

सिनेमाच्या तिकिटांचा ‘ब्लॅक’ आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. तोच धंदा आता व्हिडिओ गेममध्ये शिरला आहे. हा रिकामटेकड्यांचा खेळ म्हणून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिकडे पाठ फिरवू नये. साठेबाजी कशी चालते हे येथे पाठ्यपुस्तकापेक्षा स्वच्छ दिसते.

सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन ५’ हे गेम खेळण्याचे यंत्र भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. किंमत ४९,९९० रुपये. आगाऊ नोंदणी १२ जानेवारीला सुरू झाली आणि काही मिनिटांतच संपली. कोरोनाच्या काळात चिपांचा तुटवडा होता, म्हणजे टंचाई खरीच होती. पण तिच्यावर दुसरी टंचाई रचली गेली. परदेशांत दलालांनी स्वयंचलित संगणक-प्रोग्राम लावून क्षणार्धात माल उचलला. आपल्याकडेही जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत सीलबंद यंत्रे चढ्या भावाने झळकू लागली. छापील किमतीहून जास्त घेण्यास २०११ च्या नियमांनी मनाई आहे खरी, परंतु घरबसल्या एकच नग विकणाऱ्याच्या दारी कोणता निरीक्षक जाणार?

यंत्रांचे उत्पादन वाढले की भाव उतरतो. गेमच्या तबकडीचे तसे नाही, कारण तिच्या प्रती काढणेच पुष्कळदा थांबवले जाते. निन्टेन्डो कंपनीने मारिओचे तीन जुने गेम एकत्र करून १८ सप्टेंबर २०२० रोजी विक्रीस काढले आणि ३१ मार्च २०२१ नंतर ते मिळणार नाहीत असे आधीच जाहीर केले. तेवढ्यात सुमारे ९० लाख प्रती खपल्या! मर्यादा संख्येला नव्हती, मुदतीला होती. आणि मुदतीच्या धाकाने गिऱ्हाईक धावले.

गोंदिया जंक्शनवर वावरणाऱ्यास रेल्वे तिकिटांचे दलाल ठाऊक असतातच. तेथे निदान आरक्षणावर प्रवाशाचे नाव असते, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४३ अशा दलालास तीन वर्षांपर्यंत कैदेत धाडू शकते. तबकडीवर कुणाचेच नाव नसते. हाच तिचा दोष, आणि खरे तर हाच तिचा गुण. ती मित्राला देता येते, खेळून झाल्यावर निम्म्या किमतीत विकता येते. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला गेम असा हातोहात फिरत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वरच्या वर्गातील मुलांची जुनी पुस्तके घेऊन शिकतो. त्यामुळे वस्तू हातोहात फिरण्याचे मोल मला कुणी समजावून सांगायला नको. साठेबाज तबकडीचे सीलही न फोडता ती कपाटात ठेवतो, तेव्हा ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

यावर एक उपाय मराठी प्रकाशकांना फार पूर्वीपासून माहीत आहे : प्रकाशनपूर्व नोंदणी. २०१५ मध्ये अमेरिकेत निघालेली ‘लिमिटेड रन गेम्स’ ही कंपनी आरंभी मोजक्याच प्रती काढी. पुढे अनेक गेमांसाठी तिने चार आठवडे नोंदणी खुली ठेवून मागणीइतक्याच प्रती काढण्याची पद्धत घेतली. दलालाला यात फारसा वाव उरत नाही. मात्र पैसे आधी भरायचे आणि तबकडीसाठी महिनोन्‌महिने थांबायचे. धान विकल्यावरच ज्याच्या घरात पैसा येतो, त्याची वेळ आणि त्या चार आठवड्यांची वेळ जुळली तर ठीक. नाही तर पुन्हा दलालाचेच दार.