व्हेरिएबल म्हणजे नुसती अक्षरं

जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहिणाऱ्या बहुतेकांच्या फोल्डरात डॉट-एन्व्ह नावाची एक फाइल असते. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, पेमेंटची की, पोर्टचा आकडा, सगळं तिच्यात. ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात लिहिलं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आपोआप तयार होतं, असं अनेकजण धरून चालतात. बाकीचे बरेचसे घोळ या पहिल्या समजुतीतून निघतात.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही ऑपरेटिंग सिस्टिमची सोय आहे. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ती चालत आली आहे. एखादी प्रोसेस सुरू होताना, तिला सुरू करणारी प्रोसेस नाव आणि किंमत अशा जोड्यांची यादी तिच्या हाती देते. नोड ही यादी ‘प्रोसेस डॉट एन्व्ह’ या ऑब्जेक्टमधून आपल्यापुढे ठेवतो. या व्यवहारात फाइल कुठेच नाही. हेरोकूच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या तत्त्वांमुळे कॉन्फिगरेशन कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवण्याची शिस्त रुजली. पण स्वतःच्या लॅपटॉपवर दरवेळी दहा व्हेरिएबलं हाताने देणं जिकिरीचं, म्हणून फाइल आली. ती वाचण्याचं काम अनेक वर्षं ‘डॉटएन्व्ह’ हे वेगळं पॅकेज करत होतं. नोडमध्येच ती सोय सप्टेंबर २०२३ मध्ये, २०.६ या आवृत्तीत आली, आणि तीही आपोआप चालत नाही, कमांडमध्ये ‘एन्व्ह-फाइल’ हा पर्याय देऊन किंवा कोडमधून ती मागावी लागते. नोडसारखाच जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या डीनोचंही तसंच. त्याच पंक्तीतला बन मात्र न सांगता फाइल उचलतो. त्यामुळे बनवर सुरळीत चालणारा कोड नोडवर नेला की सगळ्या किमती ‘अनडिफाइन्ड’ येतात, आणि माणूस चूक कोडमध्ये शोधत बसतो.

‘फाइलीत किंमत बदलली, तरी जुनीच दिसते’ ही तक्रारही नेहमीची. याला दोन कारणं असू शकतात. नोडचा पर्याय घ्या किंवा डॉटएन्व्ह पॅकेज, मूळ एन्व्हायर्नमेंटमध्ये तेच नाव आधीच असेल तर तिथली किंमत टिकते आणि फाइलीतली बाजूला पडते. हे जाणूनबुजून ठेवलं आहे, सर्व्हरवर दिलेली खरी किंमत चुकून राहिलेल्या फाइलीने पुसू नये म्हणून. दुसरं कारण असं की यादी मिळते ती सुरुवातीलाच. चालू प्रोसेसला नंतरचे बदल कळत नाहीत. डॉकरचा कंटेनर नुसता रीस्टार्ट करूनही उपयोग होत नाही, कारण त्याचं एन्व्हायर्नमेंट तो तयार होताना ठरतं. तो नव्याने तयार करावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका साध्या गोष्टीने खाल्ला जातो. या यादीत आकडे नसतात, खरं-खोटं नसतं, फक्त स्ट्रिंग असतात. ‘डीबग’ला ‘फॉल्स’ अशी किंमत दिली, तरी कोडमध्ये येतो तो पाच अक्षरांचा शब्द, आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ‘इफ’मध्ये खरीच ठरते. बंद केलेलं डीबगिंग प्रॉडक्शनवर सुरू राहतं ते असं. कोडमधूनच एखाद्या व्हेरिएबलला अनडिफाइन्ड दिलं, तर नोड त्याचीही ‘अनडिफाइन्ड’ अशी स्ट्रिंग करून ठेवतो. ते खरोखर काढायचं असेल तर ‘डिलीट’ वापरावं लागतं.

रिकामी किंमत याहून फसवी. फाइलीत ‘पोर्ट’ लिहून बरोबरच्या चिन्हापुढे काहीच लिहिलं नाही, तर हाती येते रिकामी स्ट्रिंग. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर वापरून डीफॉल्ट किंमत दिली असेल, तर ती लागू होत नाही, कारण रिकामी स्ट्रिंग म्हणजे अनडिफाइन्ड नव्हे. मग ‘नंबर’ फंक्शन तिचं शून्य करतं. आणि पोर्ट शून्य म्हणजे नोडच्या भाषेत ‘जो मोकळा असेल तो दे’. सर्व्हर एकही चूक न दाखवता भलत्याच पोर्टवर उभा राहतो. म्हणून माझा आग्रह आहे की सगळी व्हेरिएबलं एकाच मॉड्यूलमध्ये, कार्यक्रम सुरू होतानाच वाचावीत, प्रत्येकाचा प्रकार तपासावा, आणि एखादं नसेल तर त्याचं नाव स्पष्ट सांगून तिथेच थांबावं. कोडभर विखुरलेली वाचनं ही दुरुस्त करायला सर्वांत त्रासदायक गोष्ट आहे.

‘नोड-एन्व्ह’ हे व्हेरिएबल नोड स्वतः ठरवतो, हाही गैरसमजच. नोड त्याला स्वतःहून किंमत देत नाही. अर्थ लावतात ते एक्सप्रेस, रिअ‍ॅक्ट, एनपीएम यांसारखे इतर. एक्सप्रेसला ते मिळालं नाही तर तो ‘डेव्हलपमेंट’ समजतो आणि त्याचा मूळचा एरर हँडलर एररचा सगळा स्टॅक ट्रेस वापरकर्त्याला पाठवतो. चाचणीच्या सर्व्हरवर ‘स्टेजिंग’ लिहिणाऱ्यांनाही हेच भोगावं लागतं. तिथेही ‘प्रॉडक्शन’च लिहावं आणि सर्व्हर कोणता हे सांगायला वेगळं व्हेरिएबल ठेवावं.

ब्राउझरची गोष्ट तर वेगळीच. तिथे ही यादी नसतेच. ‘व्हीट’ किंवा ‘नेक्स्ट पब्लिक’ ही अक्षरं लावलेली व्हेरिएबलं बिल्डच्या वेळी थेट जावास्क्रिप्टच्या फाइलीत छापली जातात आणि पान उघडणारा कुणीही ती वाचू शकतो. गुप्त की तिथे ठेवायची नाही.

आणि आता गुप्ततेबद्दल. फाइलीचं नाव गिटइग्नोरमध्ये घातलं की काम झालं, असं वाटतं. पण एकदा कमिट झालेली फाइल गिट पाहतच राहतो, आणि ती काढली तरी इतिहासात उरते. अशा वेळी आधी की बदलावी, इतिहास नंतर साफ करावा. रिपॉझिटरी खासगी आहे हा दिलासाही पुरेसा नाही. २०१६ मध्ये उबरच्या खासगी गिटहब रिपॉझिटरीत शिरलेल्यांना तिथे अ‍ॅमेझॉन क्लाउडच्या चाव्या मिळाल्या आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली.

कोडबाहेर ठेवलेली किंमतही त्या प्रोसेसमधल्या प्रत्येक ओळीला खुली असते. २०१७ मध्ये एनपीएमवर ‘क्रॉस-एन्व्ह’ या लोकप्रिय पॅकेजच्या नावातली फक्त जोडरेघ काढून एक नकली पॅकेज टाकलं गेलं होतं. ते इन्स्टॉल होतानाच मशीनवरची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलं परक्या सर्व्हरला पाठवत होतं. शिवाय त्या प्रोसेसने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसना ही यादी वारशाने मिळते, आणि नोडच्या निदान-अहवालातही ती छापली जाते. त्यामुळे खऱ्या पासवर्डांसाठी डॉकर सीक्रेट्ससारखी सोय बरी. तिथे पासवर्ड वेगळ्या फाइलीतून येतो, आणि कार्यक्रम तो गरजेपुरता वाचतो.

नोड निर्माण करणाऱ्या रायन डाल यांनी २०१८ मध्ये डीनो मांडला, तेव्हा सुरक्षिततेकडे झालेलं दुर्लक्ष ही त्यांच्या खंतींपैकी एक होती. डीनोमध्ये व्हेरिएबल वाचायला परवानगी लागते, आणि ती ठराविक नावांपुरती देता येते. मात्र ही परवानगी पॅकेजनिहाय नसते. ज्या नावाला ती दिली, ते व्हेरिएबल त्या प्रोसेसमध्ये आणलेल्या प्रत्येक पॅकेजला वाचता येतं.