फाइलींचे मार्ग : निरपेक्ष आणि सापेक्ष

भोसरी किंवा चाकण येथील यंत्रशाळांत संगणकनियंत्रित मिलिंग यंत्र चालविणाऱ्यास ‘जी-९०’ आणि ‘जी-९१’ या आज्ञांतील भेद प्रथमपासूनच ध्यानी ठेवावा लागतो. जी-९० नंतर येणारा ‘एक्स १०’ हा आकडा शून्यबिंदूपासून १० मिलिमीटरवरील स्थान दर्शवितो. जी-९१ नंतर तोच आकडा हत्यारास, ते जेथे असेल तेथून आणखी १० मिलिमीटर सरकण्यास सांगतो. आकडा एकच, परंतु मोजणीचा आरंभ वेगळा. फाइलींच्या निरपेक्ष व सापेक्ष मार्गांतील भेद याच जातीचा आहे.

फाइलींची वृक्षासारखी रचना मल्टिक्स प्रणालीच्या आराखड्यात १९६५ साली मांडली गेली आणि पुढे युनिक्सने ती रूढ केली. या वृक्षाच्या मुळापासून सांगितलेला मार्ग तो निरपेक्ष; युनिक्समध्ये त्याचा आरंभ तिरप्या रेघेने होतो. सापेक्ष मार्ग मात्र चालू निर्देशिकेपासून, म्हणजे आज्ञावली ज्या फोल्डरात ‘उभी’ आहे तेथून मोजला जातो. त्यातील दोन टिंबे ‘एक पायरी वर’ असा अर्थ सांगतात.

समजा, चाकणच्या एका कारखान्यातील सुट्या भागांची मापे ‘/संशोधन/चाकण/मापे’ या फाइलीत आहेत आणि आज्ञावली ‘/संशोधन/विश्लेषण’ येथे ठेवली आहे. आज्ञावलीत ‘../चाकण/मापे’ असा मार्ग लिहिला आहे. ती स्वतःच्या निर्देशिकेतून चालविली तर फाइल सापडते. तीच रात्री आपोआप चालावी म्हणून ‘क्रॉन’कडे सोपविली, तर चालू निर्देशिका सामान्यतः ‘/होम/विद्यार्थी’ अशी होते. शोध ‘/होम/चाकण/मापे’ येथे घेतला जातो आणि फाइल नसल्याचा संदेश येतो. आज्ञावलीतील एक अक्षरही बदललेले नसते. आज्ञावली कोठे ठेवली आहे आणि ती कोठून चालविली आहे, या दोन भिन्न गोष्टी होत, हे येथे विसरले जाते.

हा संदेश वस्तुतः उपकारकच म्हटला पाहिजे. खरा धोका निराळा आहे. तीच आज्ञावली ‘/जुने/विश्लेषण’ येथून चालविली आणि ‘/जुने/चाकण/मापे’ ही गतवर्षीची फाइल तेथे असली, तर कोणताही संदेश न येता जुन्या मापांवर नवे निष्कर्ष निघतात. अशा निष्कर्षावरून एखाद्या भागाची सहनमर्यादा ठरविली गेली, तर चूक कागदावरून थेट धातूत उतरते.

दोषाचा शोध क्रमाने घ्यावा. प्रथम चालू निर्देशिका छापून पाहावी. युनिक्समध्ये त्यासाठी ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा आहे. नंतर तिला सापेक्ष मार्ग जोडून पूर्ण मार्ग तयार करावा व त्या ठिकाणी फाइल आहे काय हे पाहावे. तेथे ती नसेल तर नावाची अक्षरे तपासावीत; लिनक्स रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे भिन्न मानते, विंडोज सामान्यतः मानत नाही. शेवटी, आज्ञावली मध्येच चालू निर्देशिका बदलते काय हे पाहावे. तसे असल्यास पुढील सर्व सापेक्ष मार्ग सरकतात.

मग सर्वत्र निरपेक्ष मार्गच का लिहू नयेत? कारण कारखान्यातील संगणकावरचा ‘डी’ ड्राइव्ह विभागातील संगणकावर असेलच असे नाही. स्थलांतर होताच असे सारे मार्ग निरुपयोगी ठरतात.

यावरील उपायही यंत्रशाळेत परिचित आहे. तेथे ‘जी-५४’ या आज्ञेने कामाचा शून्यबिंदू एकदाच निश्चित करतात व सर्व मापे त्यापासून घेतात. पकड हलविली तर तेवढाच बिंदू बदलावा लागतो. त्याचप्रमाणे आज्ञावलीने आपल्या स्वतःच्या फाइलीच्या स्थानावरून प्रकल्पाची मूळ निर्देशिका आरंभीच निश्चित करावी, अन्य मार्ग तिलाच जोडावेत आणि वाचलेल्या प्रत्येक फाइलीचा पूर्ण मार्ग निष्कर्षांसोबत छापावा. मग निष्कर्ष कोणत्या मापांवर आधारले आहेत, हे परीक्षकासही पडताळून पाहता येते.