मोटार चकाकते कशी?

दसऱ्याला गाड्या धुऊन-पुसून, झेंडूचे हार घालून उभ्या असतात. संध्याकाळी एखाद्या काळ्या मोटारीजवळ जा आणि तिच्या बॉनेटमध्ये रस्त्यावरच्या दिव्याचे प्रतिबिंब पाहा. प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात ना? आता डोके थोडे हलवा. जाळेही दिव्याबरोबर सरकते! म्हणजे हे चरे मुळात गोल नाहीतच. ते वाटेल त्या दिशांना पसरलेले आहेत. पण दिव्याभोवती जे आडवे पडतात, तेवढेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश पाठवतात. म्हणून वर्तुळांचा भास होतो.

हे चरे पाडतो कोण? बहुधा आपणच! रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोह्‌जच्या मापावर त्यांचा कठीणपणा ७ आहे. कोरड्या फडक्याने गाडी पुसली, की हे कण रंगावर ओरखडे काढतात.

गुळगुळीत म्हणजे किती?

सपाट पृष्ठभागावरून किरण एकाच दिशेने परावर्तित होतात व स्पष्ट प्रतिमा दिसते. खडबडीत पृष्ठभागावरून ते विखुरतात. पण खडबडीत कोणाला म्हणायचे? लॉर्ड रॅले यांनी दिलेली कसोटी अशी : प्रकाश सरळ, लंब दिशेने पडत असेल, तर उंचसखलपणा त्याच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाहून कमी हवा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रोमीटर. तिचा आठवा भाग ०.०७ मायक्रोमीटर. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. त्याचा हा हजारावा भाग झाला!

तेव्हा पॉलिश म्हणजे रंगावर चढवलेली चमक नव्हे. पॉलिश करणे म्हणजे मोठे चरे घासून काढणे आणि त्यांच्या जागी इतके बारीक चरे ठेवणे, की प्रकाशाला ते जाणवूच नयेत.

घासले ते गेलेच

हे मला कळले ते एक नुकसान करून. कॉलेजात असताना मामांच्या जुन्या मोटारीला मी हौसेने जाडसर रबिंग कंपाउंड लावले आणि बॉनेटची कड जोर लावून घासली. फडक्यावर रंग उतरू लागला, तरी मी थांबलो नाही. थोड्याच वेळात खालचा करडा प्रायमर दिसू लागला. मामा एवढेच म्हणाले, “रंग गेला तो गेला. का गेला ते तरी शिकून घे.”

का गेला होता? दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. सपाट भागावर हाताचा जोर पसरतो. कडेवर तोच जोर चिंचोळ्या पट्टीवर येतो. शिवाय कडांवर रंगाचा थरही बहुधा पातळच असतो. आजच्या बहुतेक मोटारींवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, तोही जेमतेम ४०-५० मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाहून पातळ. तो झिजला की पुन्हा भरून येत नाही.

पॉलिश आणि पॅड

म्हणून निवडीचा नियम सोपा आहे : सर्वांत सौम्य जोडीपासून सुरुवात करा. पुष्कळ पॉलिशांत ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड असते. हे तर आपले कुरुंद! त्याचा कठीणपणा ९. भरड कणांचे ते कंपाउंड, बारीक कणांचे ते फिनिशिंग पॉलिश. पण तेच पॉलिश वेगवेगळ्या पॅडवर वेगवेगळे काम करते. लोकरीचे पॅड सर्वांत जोरात कापते, मात्र स्वतःचे बारीक चरे मागे ठेवते. त्याखालोखाल कडक फोम. मऊ फोम दाबला की दबतो, कण रंगात खोल रुतू देत नाही; म्हणून शेवटचा हात त्याचा. पॅडच्या रंगावर मात्र विसंबू नका. प्रत्येक कंपनीची खूण निराळी.

आधी गाडी नीट धुवा. मग वीतभर जागेवर मऊ फोम व बारीक पॉलिश वापरून पाहा. चरे गेले नाहीत, तरच एक पायरी वर चढा. आणि नखाला लागणारा खोल चरा? तो सोडून द्या. तो काढायच्या नादात सगळा थरच जाईल.

एक फसगत टाळा. काही पॉलिशांतले तेल आणि मेण चऱ्यांत भरून बसते. त्यांचा अपवर्तनांक रंगाच्या अपवर्तनांकाजवळ असल्याने चरे लपतात. काही धुण्यांनंतर पुन्हा उगवतात. म्हणून तपासण्यापूर्वी तो भाग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलाने पुसतात.

करून पाहा

वहीचा एक साधा कागद डोळ्यांच्या पातळीत आडवा धरा आणि त्यावरून जवळजवळ समांतर नजरेने खिडकीकडे पाहा. कागद चकाकतो! तिरप्या प्रकाशाला तोच उंचसखलपणा कमी भासतो. आता सांगा : पॉलिश झालेली मोटार दुरून तिरकी पाहून “वा!” म्हणावे, की दिवा हाती घेऊन समोरून तपासावी?