सातवा लागला
दिवस मोजताना : लेखांक ७

मागच्या लेखात आपण साखरेच्या तपासणीपाशी थांबलो होतो. ग्लुकोजचं पाणी नाक दाबून प्यायलं, दोन तास बाकावर काढले, आकडा १४०च्या आत आला, की घरात विषय निघतो डोहाळजेवणाचा. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी आणि झाकलेल्या दोन वाट्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ म्हणून ठीक आहे. पण गर्भलिंग चाचणीविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली ज्या राज्याने केला, तिथे बर्फीची वाटी उघडल्यावर उतरलेले चेहरे मी अजूनही पाहते.

सातवा नेमका कधी लागतो, यावर सासूबाई आणि डॉक्टर यांचं कधीच एकमत होत नाही. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात, घरातल्या बायका महिने. २८ आठवडे भरले की तिसरी तिमाही सुरू झाली असं धरा, आणि फाइलवरचा आठवडाच लक्षात ठेवा. पुढची प्रत्येक गोष्ट त्यावरच ठरते.

या सुमाराला बाळ साधारण किलोभराचं असतं. पापण्या उघडतात, बाहेरच्या आवाजाने ते दचकतं. फुप्फुसांचं काम मात्र अर्धवट असतं. श्वास सोडल्यावर आतले इवले फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना एक वंगणासारखा थर लागतो, तो आता कुठे तयार होऊ लागलेला असतो. म्हणूनच ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे चाळीच्या गॅलरीत हमखास ऐकू येणारं वाक्य साफ खोटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच. वेळेआधी कळा येण्याची शक्यता दिसली तर डॉक्टर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, ती याच फुप्फुसांसाठी. त्या शब्दाने घाबरून जाऊ नका.

आता तक्रारी. छातीत जळजळ, जिना चढताना लागणारी धाप, रात्री पोटरीत येणारे गोळे, संध्याकाळी सुजलेली पावलं हे सगळं नेहमीचं. मधूनच पोट दगडासारखं कडक होऊन सैल पडतं, ती शरीराची रंगीत तालीम. कूस बदलली, पाणी प्यायलं की ते थांबतं. थांबलं नाही, ठरावीक अंतराने येत राहिलं, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर तालीम संपली, निघायचं. सूज चेहऱ्यावर आणि बोटांवर चढली, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणत सब्जा भिजवत बसू नका. रक्तदाब १४०/९०च्या वर गेलेला असू शकतो आणि तो दोन्ही जिवांना महागात पडतो.

या महिन्यात सर्वांत मोलाची तपासणी फुकट आहे. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडा आणि बाळाच्या हालचाली मोजा. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. कमी वाटल्या तर त्याच दिवशी दवाखाना, सकाळची वाट पाहायची नाही. ‘आता जागा पुरत नाही म्हणून बाळ शांत झालं’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि रिक्षा नाही, इथे प्रभादेवीत टॅक्सी, बोलवा. झोपायलाही यापुढे कूसच बरी, पाठीवर नको.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. कॅल्शियमची वेगळ्या वेळी. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याच्या इंजेक्शनची आठवण तुम्हीच करून द्या. तपासणीला आता दर पंधरा दिवसांनी जायचं.

नोकरी करणारीने रजेचं गणित आत्ताच मांडावं. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९२९चा. त्याआधी, १९२८ साली, विधिमंडळात त्याची बाजू मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ते तेव्हा परळच्या चाळीत राहत आणि गिरणीत उभ्या राहणाऱ्या बाया त्यांच्या शेजारच्याच होत्या. आज पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. म्हणजे ३२वा आठवडा उजाडला की हक्क तुमचा. तोवर लोकलने जावं लागलंच, तर दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला चढता येतं, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं.

आणि रस्ता! प्रभादेवीकरांचं बाळंतपण पिढ्यान्‌पिढ्या पुलापलीकडे, परळला. वाडियाचं प्रसूतिगृह आणि केईएम, दोन्ही १९२६ची. पण एलफिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५मध्ये पाडकामासाठी बंद झाला आणि हाकेच्या अंतरावरचं परळ गाडीसाठी एकदम लांब गेलं. उत्तरेला दादरचा टिळक पूल, दक्षिणेला करी रोडचा. एकदा दुपारी आणि एकदा रात्री, दोन्ही बाजूंनी घड्याळ लावून जाऊन या. १०८ फोनमध्ये असू द्या, फाइल दाराजवळच्या खुंटीला.

मग भिंतीवरचं कालनिर्णय उघडा. सिद्धिविनायकाचं देऊळ १८०१चं. ते बांधायला पैसे देणाऱ्या देऊबाई पाटलांना स्वतःला मूल नव्हतं, इतर बायकांची कूस उजवावी म्हणून त्यांनी ते बांधलं, असं सांगतात. त्याच देवळापाशी मंगळवारी रस्ता तुंबतो, अंगारकीला तर विचारूच नका. तुमची तारीख अंगारकीच्या किंवा लालबागच्या विसर्जनाच्या आसपास येत असेल, तर त्या दिवसांपुरतं पुलापलीकडे कुणाकडे राहायला जाता येईल, ते आत्ताच विचारून ठेवा. परळला मावशी नाहीतर आत्या असतेच कुणाची तरी.