वृद्धाश्रम ते रुग्णालय आणि परत



आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते यंत्रमागाच्या खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि गावच्या वाचनालयात. तेव्हा रुग्णालयाच्या विषयावर आम्ही बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आजचा विषय औषधांचा नाही. तो कामाच्या व्यवस्थेचा आहे, आणि त्यात आमची तीस वर्षे गेली आहेत.

प्रथम एक प्रसंग सांगतो. आमच्या युनियनचे एक जुने सभासद उतारवयात वृद्धाश्रमात राहत होते. एका रात्री त्यांना ताप भरला आणि बोलणे असंबद्ध होऊ लागले. रुग्णवाहिका आली आणि त्यांना घेऊन गेली. बरोबर कागद म्हणाल तर नाव आणि वय लिहिलेली एक चिठ्ठी. कानाचे यंत्र उशीखालीच राहिले. सकाळी आम्ही रुग्णालयात गेलो, तो केसपेपरवर ‘प्रतिसाद देत नाही’ अशी नोंद! प्रतिसाद देणार कसा? त्यांना ऐकूच येत नव्हते. नवव्या दिवशी त्यांना सोडले, तोवर कवळी गहाळ झाली होती. रक्तदाबाची जुनी गोळी बंद करून नवी सुरू केली आहे, हे आश्रमातल्या मावशींना कोणी सांगितले नाही. त्यांनी दोन्ही दिल्या. तिसऱ्या दिवशी म्हातारबा चक्कर येऊन न्हाणीघरात पडले आणि पुन्हा रुग्णालयात गेले. ते परत आले नाहीत.

यात दुष्ट कोणीच नव्हते. डॉक्टरांनी आपले काम केले, रुग्णवाहिकेने आपले, मावशींनी आपले. चूक झाली ती दोन कामांच्या मधल्या जागेत, आणि त्या जागेला कोणी धनी नव्हता.

यंत्रमागावर असे चालत नाही. पाळी सुटताना जाणारा कामगार येणाऱ्याला सांगतो, ‘तिसऱ्या मागाचा धोटा अडतो आहे, चौथ्याचे बीम संपत आले आहे.’ हे न सांगता जो जाईल, त्याला दुसऱ्या दिवशी चार शब्द ऐकावे लागतात. लोखंडाच्या मागासाठी जी रीत आपण पाळतो, ती हाडामांसाच्या माणसासाठी का असू नये?

हा प्रश्न इंग्लंडात पुष्कळ विचारला गेला आहे. तेथे वृद्धांच्या निवासांना केअर होम म्हणतात. वयाने थकलेली, स्मृती गेलेली माणसे तेथे राहतात, आणि त्यांची रुग्णालयात वारंवार ने-आण होते. लंडनच्या दक्षिण भागातील सटन येथे 2015 साली एक साधी योजना सुरू झाली. तिचे नाव ‘लाल पिशवी’. रुग्णवाहिका बोलावली की निवासातले कर्मचारी ही पिशवी भरतात. तीत ठरावीक नमुन्याचे कागद असतात: जुने आजार, चालू औषधे, आज नेमके काय बिघडले, आणि हा माणूस एरवी कसा असतो, त्याला काय आवडते. त्याबरोबर चष्मा, कानाचे यंत्र, कवळी आणि परत येताना घालायचे कपडे. पिशवी रुग्णाबरोबर राहते आणि परतताना नवी कागदपत्रे व औषधे घेऊन येते. लाल रंग एवढ्यासाठीच, की गर्दीतही ती चटकन ओळखू यावी.

फळ काय मिळाले? इंग्लंडच्या आरोग्यसेवेने 2018 साली ही योजना देशभर नेण्याचे जाहीर केले, तेव्हा सांगितले की पिशवी असलेल्यांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी चार दिवसांनी घटला, आणि वर्षाकाठी 2,90,000 पौंड किमतीच्या कवळ्या, चष्मे, कानाची यंत्रे हरवण्याचे वाचले.

एका पिशवीने एवढे कसे घडते? म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला, की पुष्कळदा पहिले लक्षण खोकला नसून भ्रम असते. हा मनुष्य कालपर्यंत पेपर वाचत होता, की वर्षभर असाच बरळतो आहे, हे डॉक्टरांना कळल्याशिवाय आजार ओळखावा कसा? चष्मा आणि कानाचे यंत्र नसेल तर परक्या जागी भ्रम आणखी वाढतो. कवळी नसेल तर जेवण सुटते. आणि अंथरुणात पडून राहिलेल्या वृद्धाच्या पायांतली शक्ती फार लवकर ओसरते. म्हणून वाचलेला एकेक दिवस मोलाचा. अर्थात पिशवी म्हणजे जादू नव्हे. भरणारा हात आणि उघडून पाहणारा डोळा नसेल, तर ते नुसते कापड.

परतीची वाट तर अधिक अवघड. त्याच 2015 साली इंग्लंडातील ‘नाईस’ या संस्थेने मार्गदर्शन प्रसिद्ध केले. रुग्ण दाखल होताच त्याच्या परतीचा विचार सुरू करावा आणि त्या कामाला एक जबाबदार माणूस नेमावा, असे त्यात सांगितले आहे. हे सारे कागदावर असतानाही 2020 साली काय झाले पाहा. करोनाची साथ आली. खाटा मोकळ्या करण्याचा आदेश निघाला, आणि 17 मार्च ते 15 एप्रिल या काळात सुमारे 25,000 माणसे रुग्णालयांतून केअर होममध्ये पाठवली गेली. तेव्हा प्रत्येकाची तपासणी करून पाठवण्याचा नियम नव्हता. तो 15 एप्रिलला आला. ज्यांचे वडील अशा निवासांत वारले, त्या दोघी मुली न्यायालयात गेल्या. लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही रोग पसरू शकतो, हा धोका सरकारने विचारात घेतला नाही, म्हणून ते धोरण बेकायदा होते, असा निकाल लंडनच्या उच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2022 रोजी दिला. खाट मोकळी झाली, हे मोजले गेले. माणूस कोठे पोहोचला, हे कोणी पाहिले नाही.

आता आपल्याकडे या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातील विसाव्या कलमात सरकारी रुग्णालयात शक्यतो खाट आणि वेगळी रांग, अशी तरतूद आहे. ती चांगलीच आहे. पण वृद्धाश्रम आणि रुग्णालय यांमधल्या वाटेविषयी त्या कलमात एक शब्द नाही. तो शब्द आपण घालायचा आहे.

त्याला मोठा पैसा लागत नाही. प्रत्येक रहिवाशाच्या खाटेला एक कापडी पिशवी टांगावी. कापड तर आपल्या गावातच विणले जाते. तीत औषधांची यादी, नातेवाइकांचे आणि आश्रमाचे दूरध्वनी क्रमांक, आणि मावशींनी सांगितलेल्या चार ओळी असाव्यात. परतताना रुग्णालयाला तीन प्रश्न विचारल्यावाचून उठू नये: कोणती गोळी नवी, कोणती बंद, पुन्हा कधी यायचे? आणि रात्री अवेळी, कळवल्याशिवाय, कोणाही वृद्धाला दारात आणून सोडू नये.

शेवटी आमच्या धंद्याची गोष्ट. जी बाई रोज आंघोळ घालते, भरवते, कूस बदलते, तिला या माणसाविषयी जेवढे ठाऊक असते तेवढे कोणालाच नसते. पण तिचा पगार सर्वांत कमी, आणि रुग्णालयात तिला ‘बाहेर थांबा’ म्हणतात. इंग्लंडातही या कामाला मोल मोठे नाही. आम्ही म्हणतो, तिला खुर्ची द्या, तिचे ऐका आणि ते लिहून घ्या. रुग्णाबरोबर गेल्याचा तिचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरा. आमच्या त्या जुन्या सभासदाबरोबर मावशी गेल्या असत्या, तर त्यांनी पहिल्याच क्षणी सांगितले असते, ‘डॉक्टर, यांना ऐकू येत नाही, जरा कानाशी मोठ्याने बोला.’