हातमाग घ्यायचाय? आधी घरातली जागा मोजा

आपल्या हातांनी कापड विणावं असं वाटतंय? मग माग विकत घेण्याआधी दोन गोष्टी ठरवा: काय विणायचं आणि माग ठेवायचा कुठे. बेंगळुरूच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दुसरा प्रश्न जास्त मोठा. इरकल विणणारे कारागीर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतात आणि पायाखालच्या पट्ट्या दाबत विणतात. चौथ्या मजल्यावर ते जमायचं नाही!

सुरुवात चौकटीने करा. जुन्या लाकडी फोटोफ्रेमची काच काढा, समोरासमोरच्या दोन बाजूंवर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर बारीक खिळे ठोका आणि त्यांवरून जाड सुती दोरा वर-खाली घट्ट गुंडाळा. हा ताणा. आता बोथट सुईने आडवा बाणा घाला, एका धाग्यावरून, पुढच्याच्या खालून, आणि साध्या कंगव्याने दाबत चला. कोस्टर किंवा भिंतीवर लावायचा तुकडा छान होतो. मुलंही रमतात. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली हाताने कशी गुंफतात, याचीही कल्पना इथेच येते.

नवख्याचं कापड हमखास मध्येच बारीक होतं, कारण बाणा ओढला जातो. तो सरळ न घालता कमानीसारखा सैल टाका, मगच दाबा.

स्टोल किंवा टेबल रनर हवा असेल, तर टेबलावर मावणारा 'रिजिड हेडल' माग घ्या. त्याच्या फणीत एकाआड एक छिद्र आणि फट असते. फणी उचलली की छिद्रांतले धागे वर येतात, फटींतले जागेवर राहतात आणि मधून धोटा जातो. मागाची रुंदी विचारपूर्वक निवडा, कारण त्याहून रुंद कापड एका पट्टीत निघत नाही. उलट थोडं आक्रसतंच.

एक हिशेब पाहा. इंचाला १० धागे घेणारी फणी, १५ इंच रुंदी, म्हणजे ताण्याचे १५० धागे. स्टोल १८० सेंटिमीटरचा हवा असेल, तरी आक्रसणं आणि मागावर वाया जाणारी टोकं धरून प्रत्येक धागा २६० सेंटिमीटरचा घ्या. नुसत्या ताण्यालाच ३९० मीटर सूत लागलं! बाण्याचं वेगळं. ताण्याचं सूत दोन्ही हातांनी झटका देऊन पाहा. तुटलं तर ते बाण्याला ठेवा.

पायांनी चालवायचा मोठा माग तीन-चार स्टोल विणून झाल्याशिवाय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो खोलीच अडवतो. बेंगळुरूत केंद्र सरकारचं विणकर सेवा केंद्र आहे. आधी तिथे चौकशी करा.

आणि कपाटात आईची अस्सल इरकल असेल, तर पदर जिथे सुरू होतो ती जागा उजेडात धरून पाहा. अंगाचा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. फासात फास अडकवून ते तिथे जोडलेले असतात.